मागल्या वासाचे बिऱ्हाड

पैनगंगेच्या अलीकडे भीमपूर आणि पलीकडे यवतमाळ जिल्हा, अशी ही सरहद्द आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, भीमपूर मात्र तेलुगू मुलखात राहिले, तरी येथल्या पुष्कळ घरांतली बोली मराठीच राहिली. अशा गावात चिलीम ओढणारा जुना माणूस तंबाखू बदलताना काय करी, ते एकदा बारकाईने पाहण्याजोगे आहे. चिलीम उपडी करून तो आधी ती तळहातावर ठोकी, आतला खडा काढून राखेने घासी, चिंधीला पीळ देऊन ती एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे ओढून घेई, आणि ओठांपाशी गुंडाळायची ओली छापी धुऊन पिळून मगच पुन्हा बांधी. खडा दगडाचा असल्याने घासला की स्वच्छ होतो. छापी कापडाची, तिच्यात धुराचा अर्क मुरतो, म्हणून ती फार दिवस टिकवण्यात शहाणपण नाही. आणि चिलमीची भाजलेली माती सच्छिद्र असल्यामुळे तिने प्यालेले काजळकीट केवळ पाण्याने सुटत नाही, ते निखाऱ्यात जाळूनच काढावे लागते.

हीच त्रिविध व्यवस्था विजेवर चालणाऱ्या त्या नव्या नळीतही आहे, जिला शहरातली मुले ‘व्हेप’ म्हणतात आणि जिचा आजचा प्रकार होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने २००३ च्या सुमारास सिद्ध केला. तिच्या ॲटोमायझर नामक भागात धातूच्या तारेचे एक वेटोळे असते, त्यातून कापसाची वात ओवलेली असते, आणि भोवतीच्या टाकीत ग्लिसरीन व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण, त्यात सुवास आणि बहुधा निकोटिन. वात द्रव शोषते, तार तापते, द्रवाची वाफ होते. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला उकळते आणि ग्लिसरीन २९० ला. परंतु द्रव गोड करण्यासाठी घातलेल्या सुक्रालोजासारख्या पदार्थांची वाफ न होता ते करपतात आणि तारेवर काळे कीट धरतात. म्हणून आंब्याच्या वासानंतर पुदिन्याचा द्रव भरला, तर पहिले कित्येक झुरके ना आंब्याचे ना पुदिन्याचे, असे निघतात.

शुद्धीचा क्रम मग आपोआप ठरतो. टाकी रिकामी करून तिचे भाग सुटे करावेत, कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत आणि पूर्ण वाळवावेत. मद्यार्काने पुसले असल्यास तो ज्वालाग्राही असल्यामुळे उडून जाईपर्यंत तारेला वीज देऊ नये. वात मात्र धुण्याची वस्तू नव्हे, ती टाकून देण्याची आहे. बंद घडणीच्या तयार वेटोळ्यातली वात बाहेर काढता येत नाही, म्हणून तेथे वेटोळे सबंधच बदलणे श्रेयस्कर. हाताने बांधलेल्या तारेतून जुना कापूस काढून ती क्षणभर तापवली की कीट जळते आणि ब्रशाने झडते; परंतु कापूस आत ठेवून हा उद्योग करणे म्हणजे कापूसच जाळणे होय. नवी वात द्रवात पुरती भिजेपर्यंतही थांबले पाहिजे, कारण कोरड्या वातीवर अतितप्त झालेल्या ग्लिसरीनातून ॲक्रोलीन हा घसा सोलणारा विषारी वायू निघतो.

हे सारे लिहिताना एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमाने आणि त्याच वर्षीच्या अधिनियमाने या वस्तूचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठा आपल्या देशात निषिद्ध झाला असून, चोरून विकणारास पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यामुळे येथे हाती येणाऱ्या बाटलीतल्या द्रवाची जबाबदारी कोणाच्याच दप्तरी नसते, आणि माझ्या मते नळी धुण्याच्या चिंतेआधी माणसाने हीच चिंता करावी. अशा मनाईची परंपराही जुनी आहे. विजापूरच्या दरबारातून मोगल दूत असद बेगाने रत्नजडित चिलीम आणि तंबाखू अकबराकडे नेली, तेव्हा बादशहाने दोनचार झुरके घेतले आणि हकिमाने तत्काळ हरकत घेतली. पुढे १६१७ साली जहांगिराने तंबाखूबंदीचे फर्मानच काढले. तंबाखू तरीही पिकली, आणि दख्खनची गुडगुडी तर खेड्यापाड्यात पोचली.

पुन्हा नळीच्या धुण्याकडे वळायचे, तर धातू आणि काच धुतली की वास सोडतात. टाकीची रबरी कडी आणि प्लास्टिक मात्र तो धरून ठेवतात. दालचिनी, बडीशेप आणि लिंबूवर्गीय अर्क प्लास्टिकच्या काही टाक्यांना तडेही पाडतात. ज्या देशांत ही वस्तू कायदेशीर विकली जाते, तेथले जाणते लोक म्हणूनच अशा तिखट वासांसाठी काचेची टाकी वेगळी ठेवतात, आणि वास बदलताना कडी उकळत बसण्यापेक्षा ती नवीच बसवतात.