पापडाचा घेर आणि खोक्याची उंची

परभणीत जिंतूर रोडच्या बाजूला चार बायका मिळून एक घरगुती उद्योग चालवतात. ज्वारीचे पापड, कुरडया, ज्वारीचे पोहे. 'परभणी मोती' हे ज्वारीचं वाण इथल्याच कृषी विद्यापीठाचं, त्यामुळे कच्च्या मालासाठी लांब जावं लागत नाही. गावात विकून उरलेला माल आता ऑनलाइन जातो. मी तिथं गेले ते पॅकिंग पाहायला.

खोका आला तसा कोणी भरत नाही. आधी पापडाची पाकिटं आत रचतात आणि मालाची उंची जिथं संपते तिथं आतून पेन्सिलीनं खूण करतात. पाकिटं बाहेर काढून खोक्याचे चारही उभे कोपरे वरून त्या खुणेपर्यंत कटरनं चिरतात. मग स्टीलची पट्टी आडवी धरून कात्रीच्या बोथट टोकानं बाहेरून दाबत रेघ ओढायची. हे दाबणं महत्त्वाचं. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये जो नागमोडी थर असतो, त्याच्या नळ्या खोक्याच्या भिंतीत उभ्या असतात. रेघ न दाबता दुमडलं तर पुठ्ठा वेडावाकडा चुरगळतो. रेघ नीट बसली की चारही बाजू आत दुमडतात, एकमेकींवर येतात आणि झाकण आपोआप दुहेरी होतं. वर टेपची एकच पट्टी. बबल रॅप लागत नाही.

खोका बंद झाला की चौघींपैकी एक ताई तो कानाशी धरून हलवतात. आवाज आला तर परत उघडायचा आणि कापलेल्या पुठ्ठ्याचीच पट्टी कडेला सरकवायची. "मोठा खोका दिसायला भारी असतो हो, पण आत माल खेळतो. माल खेळला की चुरा झालाच म्हणून समजा," त्या म्हणाल्या.

मला वाटतं, या धंद्यातली निम्मी उधळपट्टी एवढी एकच गोष्ट न कळल्यामुळे होते. नाजूक वस्तू म्हणजे मोठा खोका, त्यात हवेच्या पिशव्या, वरून टेपचे वेढे, अशी समजूत आहे. पण पापड मोडतो तो मुख्यतः आतल्या मोकळ्या जागेमुळे. मोठ्या खोक्यातली पोकळी भरायला आणखी सामान घालावं लागतं, आणि ते सामान दबलं की पोकळी पुन्हा तयार होते. पूर्वी पोस्टानं पार्सल पाठवताना वस्तू मांजरपाटात शिवून शिवणीवर लाखेचा शिक्का मारत. ते कापड वस्तूच्याच मापाचं बेतलं जाई, त्यामुळे आत काही हलायला जागा नसे.

बायकांना हे शिकवलं ते कुरिअरच्या बिलानं. हलकी पण जागा खाणारी वस्तू असली की बहुतेक कुरिअर कंपन्या वजनाऐवजी आकारमानावर पैसे घेतात: लांबी, रुंदी, उंचीचे सेंटिमीटर गुणायचे आणि 5000 नं भागायचं. त्यांचा बाजारातून आणलेला खोका 30 बाय 25 बाय 15 चा. म्हणजे सव्वादोन किलो. आतला माल जेमतेम पाऊण किलो. उंची 8 वर आणली की तोच खोका 1 किलो 200 ग्रॅमचा होतो. भाडं अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं चढतं. अडीच किलोचा टप्पा सुटून दीड किलोचा लागतो. पापडाच्या पाकिटावर सुटणारा नफा पाहिला तर हा फरक लहान नाही.

संध्याकाळी पार्सल न्यायला येणारा मुलगा सकाळी शहरात वाटप करतो, कधी दैठणा गावाकडे जातो. त्याच्या पाठीवरच्या पिशवीत किती पार्सलं मावतात यावर त्याची फेरी ठरते. एखाद्या चार्जरचं पार्सल बुटाच्या खोक्याएवढं आलं की दुसऱ्या दोघांची पार्सलं मागं राहतात. त्यानं मला एक पार्सल दाखवलं: कंपनीचा छापील डबा, त्यावर विकणाऱ्याची पिशवी, त्यावर आणखी एक पिशवी, प्रत्येकीवर वेगळं लेबल. पुठ्ठा भंगारवाला घेतो. टेप आणि कागदी लेबल चिकटलेली प्लास्टिकची पिशवी तो घेत नाही. ती नालीत जाते, आणि पहिल्या मोठ्या पावसात नाली तुंबते ती ज्यानं काही मागवलंच नाही त्याच्या दारात.

मोठ्या कंपन्यांनी काही केलंच नाही असं म्हणता येणार नाही. अॅमेझॉननं 2019 मध्ये भारतात काही वस्तू त्यांच्या मूळ डब्यातच, वरचा खोका न घालता पाठवायला सुरुवात केली. फ्लिपकार्टनं 2021 मध्ये आपल्या गोदामांतल्या पॅकिंगमधून एकदाच वापरायचं प्लास्टिक काढल्याचं जाहीर केलं. पण गोदामाबाहेरून, परस्पर माल पाठवणारे लहान विक्रेते असंख्य आहेत. कायद्याचं लक्षही दुसरीकडे आहे. महाराष्ट्राची 23 मार्च 2018 ची प्लास्टिकबंदी असो की केंद्राचे 2016 चे नियम आणि त्यांच्या नंतरच्या दुरुस्त्या असोत, त्यांचा भर प्लास्टिकचा प्रकार, त्याची जाडी आणि कचऱ्याची जबाबदारी यांवर आहे. खोक्यात पोकळी किती, हा प्रश्न त्यांत येत नाही. युरोपीय संघानं तो विचारला आहे: 2025 मध्ये लागू झालेल्या त्यांच्या नियमावलीनुसार 2030 पासून ऑनलाइन पार्सलमधली रिकामी जागा निम्म्याहून जास्त असता कामा नये, आणि कागदाचे बोळे, हवेच्या पिशव्या, बबल रॅप यांनी भरलेली जागासुद्धा रिकामीच धरली जाईल. हे शेवटचं कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. आपल्याकडे असा नियम आला तर तो याच कलमासकट यावा.

रोज खोके कापणं मात्र बायकांना परवडत नाही. कापायला वेळ जातो, आणि कापलेला पुठ्ठा पैसे देऊन आणलेलाच असतो. मापाचा खोका बनवून घ्यायचा तर कारखानदार थोडक्या नगांसाठी यंत्र लावत नाही. म्हणून त्यांनी शेजारच्या मसालेवालीला आणि एका लाडूवालीला सोबत घेतलं. तिन्ही उद्योगांना चालेल असं एकच माप मागवायचं ठरलं, 20 बाय 20 बाय 12. गणितानं ते 960 ग्रॅम होतं, म्हणजे एक किलोच्या आत. लाडू बसले, मसाला बसला. पापड अडले, कारण हातानं लाटलेला प्रत्येक पापड वेगळ्या घेराचा, काही तर 20 च्या पुढे.

मी निघाले तेव्हा त्या डब्यांची झाकणं मोजत होत्या. 18 सेंटिमीटरचं एक सापडलं. लाटलेल्या पापडावर ते दाबून कडा कापायच्या, कापलेलं पीठ पुढच्या लाटीत घालायचं, आणि पाकीट पाव किलोचंच ठेवायचं, म्हणजे नग थोडे वाढतील, असं त्यांचं चाललं होतं. नग वाढले की वाळवायला गच्ची पुरेल का, यावर अजून एकमत व्हायचं होतं.