कुलूप गेमचे, यंत्र कुणाचे?

पेणच्या गणपती कारखान्यांत साच्याचे मोल कुणाला सांगावे लागत नाही. मूर्तिकार मातीत नवा नमुना घडवतो, त्यावरून रबराचा साचा निघतो आणि साच्यातून शेकडो मूर्ती. कुणी त्यातली एक विकत नेऊन तिच्यावरूनच साचा काढला, तर मूळ नमुन्यामागची मेहनत त्याला फुकटात मिळते. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांनाही हीच धास्ती असते. म्हणून ते गेमला कुलूप लावतात.

नव्वदच्या दशकात पेण-रोह्यात वाढलेल्या मुलांना असे कुलूप फारसे भेटले नाही. टीव्हीला जोडायचे स्वस्त यंत्र बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमची नक्कल असे आणि खुद्द फॅमिकॉममध्येही नकली कॅसेट ओळखणारी चिप नव्हती. ‘९९९९ इन १’ कॅसेटमध्ये मोजकेच गेम फिरून फिरून येत, हा भाग वेगळा!

१९९४ मध्ये आलेल्या सोनीच्या प्लेस्टेशनचे कुलूप मात्र हुशारीचे होते. अस्सल सीडीच्या सुरुवातीच्या भागातली रेघ सरळ न जाता किंचित हेलकावे घेते. त्या हेलकाव्यांत चार अक्षरांची खूण दडलेली असते. घरच्या सीडी रायटरने गेमची माहिती जशीच्या तशी उतरते. पण कोऱ्या सीडीवरची खाच कारखान्यातच कोरलेली असल्याने हेलकावे उतरत नाहीत. खूण नाही, तर गेम सुरू नाही.

‘मॉड चिप’ ही चार अक्षरे स्वतःच यंत्राला पुरवते. मग नक्कल चालते. पण ही खूण प्रदेशानुसार वेगळी असल्यामुळे जपानहून पैसे मोजून आणलेली अस्सल सीडीही याच चिपमुळे इथल्या यंत्रावर चालते. वादाचे मूळ इथे आहे.

२००५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने चिप बसवणाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. हे कुलूप नक्कल करणे रोखत नाही, केलेली नक्कल चालवणे रोखते, असा तो युक्तिवाद होता. पुढे तिथला कायदाच बदलला. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. त्यात हेतू पाहिला जातो: हक्कभंगासाठी कुलूप तोडल्यास २ वर्षांपर्यंत कैद. रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची जपणुकीसाठी प्रत काढायला कलम ५२ मुभा देते. जाणूनबुजून चोरीची प्रत वापरल्यास मात्र कलम ६३ब नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्लेस्टेशन ५ च्या काही गेमची भारतातली किंमत २०२१ मध्ये ४,९९९ रुपये होती. तेव्हा फुकटचा मोह समजण्यासारखा आहे, पण तो महागही पडतो. त्याच वर्षी अवास्ट कंपनीने शोधलेला ‘क्रॅकोनोश’ विषाणू कुलूप तोडलेल्या गेममधूनच संगणकांत शिरत होता. तो अँटिव्हायरस बंद पाडून मालकाच्या विजेवर आभासी चलन कमावत असे.

आणि रोह्यातल्या कुणाच्या जुन्या प्लेस्टेशन २ ची लेझर झिजली तर? अस्सल सीडी घरात आहे, यंत्र ती वाचत नाही, दुकानात तो गेम मिळत नाही. पेनड्राइव्हवरून तो चालवून देणारा कारागीर दुरुस्ती करतो की कुलूप तोडतो, हे ठरवताना वकीलही क्षणभर थांबेल.