मंद प्रकाशाचा हिशेब

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याने निघाले की कागल तालुक्यातील बिद्री हे गाव लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे त्याचे नाव जिल्ह्यात घरोघरी माहीत आहे. गळीत हंगामात येथे उसाचा रस काढून उरलेले चिपाड जाळून वाफ तयार होते आणि त्या वाफेवर साखरेच्या जोडीने वीजही निर्माण होते. ज्या परिसरात चिपाडाचेही मोल ओळखले जाते, तेथेही वीज घरातील दिव्यात कशी खर्ची पडते याचा विचार क्वचितच होतो. बटण दाबले की दिवा पूर्ण तेजाने लागतो. पुन्हा दाबले की अंधार. या दोहोंमधील अवस्था बहुतेक घरांत नसतेच.

एकत्र कुटुंबात ही उणीव रोज जाणवते. दुकान आवरून आलेला मुलगा दिवसाचा जमाखर्च उतरवीत असतो, आजोबा पोथी उघडून बसलेले असतात आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात तान्हे मूल झोपलेले असते. वयोमानाने डोळ्याची बाहुली आकुंचित होते व भिंग पिवळसर पडते. साठीतील माणसाच्या नेत्रपटलावर विशीतील तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. आजोबांना अधिक उजेड हवा, नातवाला कमी. एकाच दिव्याने दोघांचे समाधान करावयाचे, तर तो कमी-जास्त करता आला पाहिजे. हे काम करणाऱ्या बटणाला डिमर म्हणतात.

ही गरज प्रथम रंगभूमीला भासली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेल्या आणि आज केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापूरच्या नाट्यगृहात बसलेल्यांना, पडदा उघडण्यापूर्वी दिवे हळूहळू मंदावण्यातील गंमत सांगावी लागत नाही. नाट्यगृहांसाठी अधिक सुरक्षित डिमरचे पेटंट अमेरिकेतील ग्रॅनव्हिल वुड्स यांना १८९६ मध्ये मिळाले. मात्र जुन्या पद्धतीत दिव्याच्या वाटेत रोध घातला जाई. दिवा मंद होई, परंतु विजेचा बराच भाग त्या रोधात उष्णता होऊन वाया जाई. अमेरिकेतीलच जोएल स्पायरा यांनी १९५९ च्या सुमारास अर्धवाहकावर चालणारा, भिंतीतील बटणाच्या जागी मावणारा डिमर तयार केला आणि तो घराघरांत जाऊ लागला.

त्याची कार्यपद्धती समजण्यास अवघड नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट दाबाची वीज सेकंदाला ५० आवर्तने, म्हणजे १०० अर्धआवर्तने करीत येते. डिमर प्रत्येक अर्धआवर्तनाचा काही भाग अडवून उरलेला दिव्याकडे सोडतो. हे इतक्या वेगाने घडते की तप्त तारेच्या जुन्या बल्बमध्ये डोळ्यांना खंड जाणवत नाही. केवळ तेज उतरते.

काटकसर किती होते, हा व्यापारी कुटुंबातील पहिला प्रश्न. जुन्या बल्बचे उत्तर निराशाजनक आहे. त्याला मिळणारा दाब २० टक्क्यांनी घटविल्यास वीज साधारण ३० टक्के वाचते, पण प्रकाश मात्र निम्म्याहून खाली येतो. म्हणजे उजेड अधिक गमवावा, तेव्हा वीज थोडी वाचते. जमेची बाजू एवढीच, की तार कमी तापल्याने बल्ब दीर्घकाळ टिकतो.

खरी बचत एलईडीने केली. ५ जानेवारी २०१५ रोजी देशात उजाला योजना सुरू झाली. मोठ्या प्रमाणावरील सरकारी खरेदीमुळे २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणाऱ्या एलईडी बल्बचा खरेदीदर २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. ६० वॉटचा जुना बल्ब रोज पाच तास लावल्यास महिन्याला ९ युनिट लागतात. ९ वॉटच्या एलईडीला १.३५ युनिट पुरतात. आता हाच एलईडी डिमरने निम्म्यावर आणला, तरी महिन्याला पाऊण युनिटही वाचत नाही. तेव्हा एका दिव्यासाठी घेतलेल्या डिमरची किंमत वीजबिलातून वसूल होण्याची अपेक्षा ठेवू नये. डिमर घ्यावा तो डोळ्यांच्या सुखासाठी आणि घरातल्यांच्या सोयीसाठी.

पण ती सोय मिळते ती जोडी जुळली तरच. एलईडीच्या पोटात विजेचे नियमन करणारे छोटे मंडल असते. साध्या एलईडीचे हे मंडल मिळालेल्या अपुऱ्या विजेतूनही पूर्ण प्रकाश देण्याची धडपड करते. परिणामी दिवा मंदावत नाही, लुकलुकतो, गुणगुणतो किंवा अकाली निकामी होतो. म्हणून वेष्टनावर ‘डिमेबल’ असा स्पष्ट उल्लेख असलेलाच बल्ब घ्यावा. डिमरही एलईडीसाठी योग्य असावा. जुने डिमर मोठ्या भारासाठी बनविलेले असतात. डिमरला किमान ६० वॉट भार लागत असेल आणि झुंबरात ९ वॉटचे तीनच दिवे असतील, तर भार अवघा २७ वॉट होतो; मग दिवे थरथरले तर दोष दिव्यांचा नव्हे. कमाल भाराचा आकडाही पाहावा. जुन्या बल्बसाठी आणि एलईडीसाठी तो वेगवेगळा असतो.

पंख्याचा रेग्युलेटर दिव्याला जोडण्याचा मोह टाळावा. दोन्हींची कळ सारखी दिसते, पण तो पंख्याच्या मोटारीसाठी बनविलेला असतो. ट्यूबलाइट व साध्या सीएफएललाही डिमर लावू नये. जोडणी मुख्य स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मंद केलेल्या दिव्याच्या तारांतही वीज असतेच.

रंगाचाही विचार करावा. जुना बल्ब मंदावताना पिवळसर, उबदार होत जाई. साधारण एलईडी आपला रंग सोडत नाही. ६५०० केल्विनचा पांढरा दिवा मंद केल्यास खोली करडी, उदास दिसते. २७०० किंवा ३००० केल्विनचा दिवा अशा वेळी सुखद वाटतो. पावसाळ्यात निळसर पांढऱ्या झगझगीत दिव्यापेक्षा पिवळसर मंद दिव्याकडे किडे-पाखरे कमी ओढली जातात. जीवदयेचा संस्कार असलेल्या घरात हा लाभ लहान मानता येणार नाही.

ज्यांना बोर्ड बदलावयाचा नाही, त्यांनाही पर्याय आहेत. बटण बंद करून लगेच चालू केले की तेजाची पायरी बदलणारे एलईडी मिळतात; त्यांना डिमर लागत नाही. आजोबांच्या आसनाजवळ वाचनासाठी वेगळा दिवा आणि रात्री न्हाणीघराच्या वाटेवर अर्ध्या वॉटचा दिवा, एवढ्यानेही पुष्कळ काम भागते. वृद्धांचे रात्री पाय अडखळून पडणे अशा लहान दिव्याने टळू शकते.

डिमर घ्यावयाचाच असल्यास आरंभी एकाच खोलीत बसवावा. ठरविलेल्याच कंपनीचे बल्ब लावून कळ सर्वांत खाली आणून पाहावी. दिवा स्थिर राहिला, आवाज आला नाही, पोथीची अक्षरे हव्या त्या उजेडात दिसली आणि मूल जागे झाले नाही, तर पुढच्या खोलीचा विचार करावा.