प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून नव्हे

विडी-सिगारेटने फुप्फुसं ‘जळतात’, प्रतिकारशक्ती कमी पडते आणि मग दम लागतो, असा सर्रास समज आहे. ‘इम्युनिटी बूस्टर’च्या बाटल्या याच समजावर खपतात. प्रत्यक्षात सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार, झालेल्या फुप्फुसात संरक्षक पेशींचा तुटवडा नसतो, उलट गर्दी असते. ब्राँकोस्कोपी करताना फुप्फुसात सलाईन सोडून परत ओढून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर धूम्रपान करणाऱ्यांत मॅक्रोफेज या भक्षक पेशी कितीतरी पट जास्त दिसतात. धुरातले कण गिळून त्या तपकिरी झालेल्या असतात. त्यांच्या इशाऱ्यावर रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि जंतूंसाठी राखलेलं इलास्टेज हे विकर तिथेच सांडतात. वायुकोशांच्या भिंतींतले लवचीक तंतू त्याने तुटतात. हा नुसता तर्क नाही. १९६३ मध्ये स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी या विकराला आवर घालणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन रक्तात फार कमी असलेल्या पाच जणांची नोंद केली. त्यातल्या तिघांना एम्फिसीमा, म्हणजे वायुकोश नष्ट होण्याचा विकार, होता. पुढे १९९७ मध्ये, मॅक्रोफेजमधल्या इलास्टेजचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांना कित्येक महिने सिगारेटचा धूर दिला, तरी त्यांना एम्फिसीमा झाला नाही. धूर तोच होता, फक्त पेशीच्या हातातलं एक हत्यार काढून घेतलं होतं.

एवढी फौज असताना या रुग्णांना वारंवार जंतुसंसर्ग का होतो, असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पण संख्या वाढली म्हणजे कुवत वाढली असं नाही. धुराने माखलेले मॅक्रोफेज हिमोफिलस इन्फ्लुएन्झासारखे जंतू नीट गिळत नाहीत, आणि कफ वर ढकलणारे श्वासनलिकांतले सूक्ष्म केसही लुळे पडलेले असतात. मग ही प्रतिकारशक्तीच दाबून टाकावी का? तोही प्रयोग झाला. टीएनएफ हा दाहकारक रेणू अडवणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबची चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात रुग्णांना फायदा दिसला नाही. पंपातून दिलेल्या स्टेरॉइडचा उपयोग मुख्यतः रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्यांना होतो, आणि त्याने न्यूमोनियाचा धोका थोडा वाढतोच. दाह एकाच रेणूवर उभा नसतो, त्यामुळे सरसकट उपाय इथे फसतात.

‘आता सिगारेट सोडून काय उपयोग?’ हा प्रतिकारशक्तीच्या समजाहूनही घातक गैरसमज. त्यात अर्धं तथ्य आहे, म्हणूनच तो टिकतो: सिगारेट सोडल्यावरही बारीक श्वासनलिकांच्या भिंतींत सीडी-८ या संरक्षक पेशी वर्षानुवर्षं ठाण मांडून राहतात आणि गेलेले वायुकोश परत येत नाहीत. पण झीज मंदावते. अमेरिका-कॅनडातल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त सौम्य आजार असलेल्यांचा ११ वर्षं मागोवा घेतला. एका सेकंदात जोराने बाहेर टाकता येणारी हवा, धूम्रपान चालू ठेवणाऱ्या पुरुषांत वर्षाला सुमारे ६६ मिलिलिटरने घटली. कायमचं सोडलेल्यांत सुमारे ३०.