बुवाची झोळी आणि लेकराचा शब्द

मंडळी, नागपूरहून छिंदवाडा काही फार दूर नाही. तिथे आसारामांच्या आश्रमाचे गुरुकुल होते. २०१३ साली तिथल्या एका शाळकरी मुलीची प्रकृती बिघडली. डॉक्टर दूरच राहिला. भूतबाधा झाली आहे, ती बापूच उतरवतील, असे सांगण्यात आले. आईबाप भाविक, मुलीला घेऊन जोधपूरला गेले. तिथे १५ ऑगस्टच्या रात्री तिच्यावर अत्याचार झाला.

हा आसाराम म्हणजे फाळणीनंतर सिंधमधून गुजरातेत आलेला आसुमल. साबरमतीकाठच्या झोपडीपासून त्याने देशभर आश्रम उभारले. त्याच वर्षी मार्चात महाराष्ट्र दुष्काळाने होरपळत असता नागपुरात त्याची होळी टँकरच्या पाण्याने रंगली. टीका झाली, पण गर्दी हटली नाही.

मुलगी मात्र हटली नाही. तिने आईबापांना सांगितले, आणि त्यांनी गुरूपेक्षा लेकीवर विश्वास ठेवला. खटल्यातील साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. तरी २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. वसतिगृहाच्या वॉर्डनलाही शिक्षा झाली.

डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली छळ करणे आता गुन्हा आहे.

गुरुजी, बाई, देवावर श्रद्धा खुशाल असावी. पण लेकरू काही सांगू लागले तर त्याला गप्प करू नका. अशा अत्याचाराची खबर पोलिसांना देणे कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवा, बरं का!