मनगटावरील मोजणीदार

पहांटे साडेपांचच्या सुमारास निगडीच्या दुर्गादेवी टेकडीपाशीं किंवा प्राधिकरणांतील रुंद रस्त्यांवर जो कोणी जाईल, त्यास एक मौजेचें दृश्य दिसेल. धांवावयास आलेलीं माणसें लगेच धांवूं लागत नाहींत. तीं क्षणभर स्तब्ध उभीं राहतात, आणि प्रत्येकाची दृष्टि आपल्या मनगटाकडे लागलेली असते. किती वाजले हें त्यांस पाहावयाचें नसतें. घड्याळास आकाशांतील उपग्रहांचा ठाव लागण्याची तीं वाट पाहत असतात. त्यांत कोणी चाकणच्या कारखान्यांत पहिल्या पाळीस जाणारा जोडारी असतो, कोणी निवृत्त फोरमन असतो, आणि पोलीसभरतीची तयारी करणारे तरुण तर पुष्कळच असतात.

या शेवटच्या मंडळींच्या दृष्टीनें घड्याळाचा खरेखोटेपणा ही केवळ हौसेची गोष्ट नव्हे. शिपाईभरतीच्या मैदानी परीक्षेंत पुरुषांस १६०० मीटर व स्त्रियांस ८०० मीटर धांवावें लागतें, आणि तें अंतर किती वेळांत तोडलें यावर गुण मिळतात. ज्याचा सगळा सराव रस्त्यावर व मनगटाच्या भरंवशावर चालला आहे, त्यानें हा मोजणीदार कसा मोजतो आणि कोठें चुकतो हें जाणून घेतलेलें बरें.

उपग्रह वरून धांवणाऱ्यास पाहत असतो, ही समजूत पुष्कळांच्या मनांत असते. ती सर्वस्वी चुकीची आहे. उपग्रहास त्या माणसाचें अस्तित्वहि ठाऊक नसतें. तो फक्त आपण कोठें आहों व आपल्या घड्याळांत किती वाजले आहेत, एवढेंच अखंड पुकारीत असतो. मनगटावरील यंत्र तें ऐकतें आणि हिशेब करतें. पिंपरी-चिंचवडच्या माणसास हें भोंग्याच्या दाखल्यानें सहज समजेल. एखाद्या कारखान्याचा भोंगा बरोबर सातच्या ठोक्यास होतो असें ठाऊक असेल, आणि तो सातांवर तीन सेकंदांनीं कानीं आला, तर ऐकणारा त्या कारखान्यापासून सुमारें एक किलोमीटरावर आहे हें उघड झालें. मात्र तो कोणत्या दिशेस आहे हें कळलें नाहीं. दुसऱ्या व तिसऱ्या कारखान्याचे भोंगेहि असेच ऐकले, तर जागा निश्चित होते. राहिली एक अडचण. ऐकणाऱ्याचें स्वतःचें घड्याळच मागेंपुढें असेल तर सगळींच अंतरें चुकणार. ही चूक काढण्यासाठीं चौथा भोंगा लागतो. म्हणूनच यंत्रास निदान चार उपग्रह ‘ऐकूं’ यावे लागतात.

फरक इतकाच कीं, येथें ध्वनीच्या जागीं रेडिओच्या लहरी आहेत. त्या एका सेकंदांत जवळजवळ तीन लक्ष किलोमीटर जातात. जी. पी. एस.चे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात, तरी त्यांचा पुकारा सेकंदाच्या पंधराव्या हिश्शांत खालीं पोंचतो. अशा वेगांत सेकंदाच्या एका दशलक्षांशाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरांची चूक. म्हणून प्रत्येक उपग्रहांत आण्विक घड्याळ बसविलेलें असतें. आइन्स्टाइनच्या सिद्धांतानुसार हें घड्याळ पृथ्वीवरील घड्याळापेक्षां दिवसाकाठीं सेकंदाच्या ३८ दशलक्षांशांनीं पुढें जातें. निगडीच्या रस्त्यावर सहज धांवणाऱ्याच्या हिशेबांत सापेक्षतेचा सिद्धांत असा निमूटपणें उभा असतो.

ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्करानें उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं सुटला व १९९५ सालीं ती पूर्णपणें कार्यान्वित झाली. परंतु सामान्य जनांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम चूक घातलेली असे, आणि त्यामुळें जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दिसे. ४०० मीटरांच्या धांवपट्टीवर शंभर मीटरांची चूक घेऊन काय करावयाचें! मे २००० मध्यें ही मुद्दाम घातलेली चूक काढून टाकण्यांत आली. त्यानंतर २००३ सालीं गार्मिन कंपनीनें धांवणाऱ्यांसाठीं हातावर बांधावयाचें असें यंत्र विक्रीस आणलें.

उपग्रहाचा हा पुकारा जमिनीवर येईपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. चाकणवरून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर नारायणगांवाजवळ खोडद येथें आकाशांतील मंद रेडिओ-लहरी टिपण्यासाठीं ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या उभारल्या आहेत. मनगटावरील यंत्रास मात्र नखाएवढ्या जागेंत आपलें काम भागवावें लागतें. तेव्हां दापोडीपासून पिंपरीपर्यंत मेट्रोच्या पुलाखालून धांवतांना, वाकडच्या उंच इमारतींच्या कुशींत, किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतींत पत्र्याच्या प्रचंड शेडांच्या कडेनें जातांना तें गोंधळलें तर नवल नाहीं. भोंग्याचा आवाज सरळ न येतां टेकडीवर आपटून आला, तर कारखाना आहे त्याहून दूर वाटेल. येथेंहि तसेंच होतें. लहर भिंतीवर किंवा पत्र्यावर आपटून उशिरां येते, आणि सरळ रस्त्यानें धांवलेला मनुष्य नकाशावर नागमोडी गेलेला दिसतो. नागमोडी रेघ सरळ रेघेपेक्षां लांब असते, म्हणून अंतर फुगतें. उलट यंत्र थोड्या थोड्या अवकाशानेंच जागा टिपीत असेल, तर वळणें कापलीं जातात व अंतर घटतें.

आतां भरतीच्या उमेदवाराचा हिशेब पाहावा. समजा, यंत्रानें शेंकडा दोन अंतर फुगविलें. यंत्र १६०० म्हणालें तेव्हां तो प्रत्यक्ष १५६८ मीटरच धांवलेला असेल. पांच मिनिटें वीस सेकंदांत आपण पल्ला गांठला या आनंदांत तो घरीं जाईल. पण राहिलेल्या ३२ मीटरांस त्याच वेगानें आणखी सहा सेकंदांहून अधिक वेळ लागला असता. परीक्षेच्या मैदानावर मनगटाची साक्ष कोणी विचारीत नाहीं, आणि तितक्या सेकंदांनीं गुणांची पायरी खालीं येऊं शकते. म्हणून आठवड्यांतून एक दिवस तरी बालेवाडीसारख्या मोजलेल्या धांवपट्टीवर जावें, अगदीं आंतल्या पट्टींतून चार फेऱ्या माराव्या आणि यंत्राचा उपयोग निव्वळ घड्याळ म्हणून करावा. बाहेरच्या प्रत्येक पट्टीस फेरीमागें सातआठ मीटर वाढतात, हें पुष्कळ तरुण विसरतात.

मॅरेथॉन धांवणाऱ्यांची तक्रार निराळी असते. शर्यत ४२.१९५ किलोमीटरांची असतां मनगटावर बेचाळीस किलोमीटर आणि वर पांचसहाशें मीटर कां दिसतात? येथें दोष सर्वस्वी यंत्राचा नसतो. शर्यतीचा मार्ग नेमक्या मोजलेल्या अंतरावर पारखून घेतलेल्या सायकलनें, प्रत्येक वळणाच्या आंतल्या कडेस धरून, शक्य तितका आंखूड मोजतात; आणि तो कमी भरूं नये म्हणून हजारी एक, म्हणजे ४२ मीटर, मुद्दाम अधिक ठेवतात. गर्दींतून वाट काढणारा मनुष्य ही कड कोठून धरणार?

क्षणाक्षणाचा वेग पाहण्याचा नादहि सोडावा. मध्यम चालीनें धांवणारा एका सेकंदांत तीन मीटर जातो, आणि एका नोंदींतील चूकहि तेवढीच असूं शकते. यंत्र त्यावर एक तोड काढतें. लोणावळा लोकल आकुर्डी स्थानकांतून न थांबतां गेली, तर शिटीचा स्वर जवळ येतांना चढा व दूर जातांना उतरता लागतो. लहरींतील तशाच फरकावरून यंत्र वेग ओळखतें. तरीहि पूर्ण किलोमीटराची सरासरी अधिक विश्वासाची.

भारताची स्वतःची ‘नाविक’ ही व्यवस्था २०१३ पासून उभी राहूं लागली. मनगटावरील लहान यंत्रांस सोयीच्या लहरींवर पुकारणारा तिचा पहिला उपग्रह मे २०२३ मध्यें सोडला गेला; त्यांत आण्विक घड्याळहि देशी बनावटीचें आहे.

एक सावधगिरी मात्र निगडी-देहूरोडकडील मंडळींनीं विशेष बाळगावी. धांवण्याची रेघ पुष्कळजण इंटरनेटवर सर्वांस दाखवितात. २०१७ च्या अखेरीस स्ट्राव्हा या कंपनीनें जगभरच्या अशा रेघांचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि जानेवारी २०१८ मध्यें लोकांच्या ध्यानांत आलें कीं, परदेशांतील लष्करी तळांचे आंतले रस्ते सैनिकांच्याच पावलांनीं त्यावर उमटले आहेत. देहूरोडला लष्कराची छावणी आहे. शिवाय रोज एकाच दारापासून निघून त्याच दारापाशीं संपणारी रेघ, धांवणारा कोठें राहतो आणि पहांटे किती वेळ घराबाहेर असतो, हें कोणासहि सांगते. रेघेचे आरंभींचे व शेवटचे कांहीं शें मीटर झांकून ठेवण्याची सोय अशा सेवांत असते. ती पहिल्याच दिवशीं लावून घ्यावी.