डोळ्यातला खोडवा



गळीत हंगाम सुरू झाला की आमचा सारा वेळ लागणीच्या नोंदी, तोडणीचा कार्यक्रम आणि उतारा यांतच जातो. या अंकात मात्र उसाऐवजी डोळ्याविषयी चार शब्द लिहायचे ठरवले आहे. उसाच्या पानाची कड कशी करवतीसारखी असते, हे आपल्याला सांगायला नको. पाचट काढताना, मोळी उचलताना पान डोळ्याला लागते. डोळा लाल होतो, पाणी गळते. आम्ही गटागटांत फिरतो तेव्हा त्यावरचे उपायही ऐकतो. कोणी मध घालतो, कोणी एरंडेल, तर कोणी घरात पडून असलेली थेंबांची जुनी बाटली शोधून काढतो. दोन दिवसांनी लाली ओसरली, की "बरं वाटतंय" म्हणत गडी पुन्हा फडात.

आमचे सांगणे एवढेच, की लाली ओसरणे म्हणजे डोळा बरा होणे नव्हे. आम्ही शेतकी खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. पण अलीकडच्या सूक्ष्मदर्शकांनी जिवंत डोळ्यात डोकावून जे दाखवले आहे, ते प्रत्येक सभासदाला माहीत असावे असे आम्हांला वाटते.

बुबुळावरची काच

बुबुळावर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिनी एकही नाही, पण मज्जातंतू मात्र कातडीच्या शेकडो पट दाट. म्हणून तर बारीकसे कुसळ गेले तरी जीव कासावीस होतो. या काचेला जखम होऊन ती पांढरी पडली, की त्यालाच आपण "डोळ्यात फूल पडले" म्हणतो.

फूल पडायला कारणे अनेक आहेत. शेतात पानाचा फटका बसला, तर त्यातून बुरशी शिरण्याचा धोका मोठा. पण दुसरा एक शत्रू असा आहे, की तो बाहेरून यावाच लागत नाही, आधीच अंगात बसलेला असतो. तो म्हणजे हर्पीस नावाचा विषाणू. ओठांवर जर उठतो तो याचाच प्रताप. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या दर तीन माणसांत जवळजवळ दोघांच्या अंगात तो आहे. सुदैवाने त्यांतल्या थोड्यांच्याच डोळ्याला तो त्रास देतो.

मराठीत ऊस लावण्यालाही लागण म्हणतात आणि रोग जडण्यालाही लागणच. या विषाणूची पहिली लागण बहुधा लहानपणी होते, कळतही नाही. मग तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी, कवटीच्या आत जाऊन निजतो. पुढे कधी ताप आला, डोळ्याला इजा झाली, असे काही निमित्त मिळाले की त्याच तंतूवरून डोळ्यात उतरतो. ऊस तुटला तरी बुडखा जमिनीत राहतो आणि पाणी मिळताच फुटतो, तसा हा डोळ्यातला खोडवा समजा. फरक एवढाच, की आपण खोडवा दोन-तीन पिकांनंतर मोडतो. हा मोडता येत नाही, दाबून ठेवावा लागतो.

दिसत नाही, पण खूण ठेवतो

आता हा विषाणू दिसतो कसा? उसावर मोझॅक आला तर आपल्याला विषाणू दिसत नाही, पानावरचे फिकट-गडद हिरवे पट्टे दिसतात. डोळ्याचेही तसेच. हर्पीसचा एक कण मिलिमीटरच्या सुमारे पाच हजाराव्या भागाएवढा. तो बघायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. त्या यंत्रातून अगदी सुरुवातीला दिसलेल्या विषाणूंत एक पिकाचाच होता, तंबाखूच्या मोझॅकचा, १९३९ साली जर्मनीत. पण त्या यंत्रात नमुना कापून, सुकवून ठेवावा लागतो. माणसाचा जिवंत डोळा त्यात कसा घालणार?

डॉक्टरांची पहिली युक्ती साधी आहे. डोळ्यात पिवळ्या रंगाचा थेंब टाकायचा आणि निळ्या उजेडात मोठे करून बघायचे. हर्पीसचा व्रण असेल तर झाडाच्या फांदीसारखी हिरवी रेघ उमटते. आजही बहुतेक निदान याच रीतीने होते.

त्याहून खोल बघणारे यंत्र म्हणजे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक. रात्री बांधावर उभे राहून उभ्या उसावर बॅटरी मारा. पुढची पाने चकाकतात, मागचे काहीच कळत नाही. पण उजेड एकाच ठिपक्यावर एकवटला आणि परतणारा उजेड एवढ्याशा भोकातून घेतला, तर फक्त त्या ठिपक्याचाच उजेड आत येतो, बाकीची चकाकी अडते. असे ठिपक्यामागून ठिपके जोडत चित्र तयार होते. ही कल्पना अमेरिकेतील मार्विन मिन्स्की यांची. त्यांनी १९५७ साली पेटंटासाठी अर्ज केला आणि १९६१ साली ते मिळाले. पुढे जर्मनीतील रोस्टॉक येथे डोळ्यासाठी लेसरचे यंत्र घडले. डोळा बधिर करून यंत्राचे टोक अलगद टेकवतात आणि काही मिनिटांत चित्रे निघतात. न खणता मातीचा थर अन् थर बघावा, तसा कॉर्निया थराथराने दिसतो.

बुरशीचे धागे या यंत्रात सरळ दिसतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात दोनशेहून अधिक रुग्णांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बुरशीचे १०० पैकी सुमारे ८५ रुग्ण यंत्राने बरोबर ओळखले. विषाणू मात्र यातही दिसत नाही. दिसते ती त्याने केलेली नासधूस. निरोगी डोळ्यात मज्जातंतू काळ्या पाटीवर ओढलेल्या पांढऱ्या रेघांसारखे सरळ दिसतात. हर्पीस झालेल्या डोळ्यात त्या रेघा विरळ होतात, तुटतात, कधी दिसेनाशा होतात. २०१० साली बोस्टनच्या डॉक्टरांनी त्याहून चकित करणारी गोष्ट मांडली. ज्या डोळ्याला काहीच झाले नव्हते, त्या दुसऱ्या डोळ्यातले तंतूही कमी झालेले आढळले.

न दुखणारा डोळा

यातला मुद्दा नीट ध्यानात घ्या. तंतू गेले म्हणजे दुखणे कमी होते. माणूस म्हणतो, बरे झाले. प्रत्यक्षात राखणदारच गेलेला असतो. कचरा गेला तरी कळत नाही, पापणी हवी तशी मिटत नाही, जखम भरायला वेळ लागतो. कापसाच्या धाग्याने डॉक्टर बुबुळाला स्पर्श करून बघतात, ते याचसाठी.

दुसरा धोका थेंबांचा. लाली झटकन घालवणाऱ्या काही थेंबांत स्टिरॉइड असते. डोळा पांढरा स्वच्छ दिसतो, पण हर्पीसचा वरचा व्रण त्याने पसरतो, आणि बुरशीला तर मोकळे रानच मिळते. काही प्रकारांत डॉक्टर स्वतःच स्टिरॉइड देतात, पण विषाणूच्या औषधाबरोबर आणि देखरेखीखाली. दुकानातून मागून आणलेल्या बाटलीची गोष्ट वेगळी.

औषध आहे, हे समाधान. १९६२ साली अमेरिकेत हर्बर्ट कॉफमन यांनी या रोगावर पहिले गुणकारी थेंब वापरून दाखवले. पुढे असायक्लोव्हिर आले. त्या कामातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ७०३ रुग्णांच्या अभ्यासात ज्यांनी वर्षभर असायक्लोव्हिरच्या गोळ्या घेतल्या, त्यांच्यात डोळ्याचा रोग उलटण्याचे प्रमाण शेकडा ३२ वरून १९ वर आले.

आपण काय करावे

डोळ्याला पान लागले तर स्वच्छ पाण्याने धुवावे, चोळू नये. मध, तेल, दूध काही घालू नये. लाली, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. एकदा हर्पीस होऊन गेला असेल तर तसे आधीच सांगावे आणि जुने कागद बरोबर न्यावेत. मोठ्या यंत्राचा हट्ट धरू नये. रंगाचा थेंब आणि साधी तपासणी बहुधा पुरते, गरज पडली तर डॉक्टरच पुढे पाठवतील. पाचट काढताना साधा चष्मा घालावा, लोक हसले तरी हसू द्यावे.

उसाचा विषाणू माणसाला लागत नाही, ती भीती नको. आणि आपल्या फडात तोडणीला आलेल्या मजुराचा डोळा लाल दिसला, तर त्यालाही वेळेवर दवाखान्यात पोहोचवावे. त्याला गाव परके, डॉक्टर अनोळखी, अन् एक दिवसाची मजुरी बुडाली तर चूल अडते. तिथे सभासदानेच पुढे व्हावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग